शेवटचं प्रकरण मी वाचलं नाही

१

पुस्तकाचं नाव ‘आंबेशेतचा बंगला’. लेखकाचं नाव देता येत नाही, कारण सुरुवातीची पानं कोणीतरी फाडून नेलीत. पुस्तक एवढं जाड की झोपून छातीवर ठेवलं तर दम लागतो. आमच्या मंडळाच्या वाचनालयात ते सगळ्यात खालच्या फळीवर होतं. वरच्या फळ्या त्याच्या वजनाने वाकतात, असं अप्पा म्हणाले.

अप्पा म्हणजे वाचनालय सांभाळतात ते. लालबागची आमची चाळ पाडून टॉवर झाला तेव्हा सगळ्यांना घरं मिळाली, वाचनालयाला सोसायटीच्या ऑफिसातलं एक कपाट मिळालं. तरी अप्पांनी चाळीतला नियम सोडला नाही. पुस्तक वाचलं की चार ओळी मत लिहून द्यायचं, मग ते लिफ्टजवळच्या बोर्डावर लागतं. ‘आवडलं’, ‘बरं आहे’ असं लिहिलेलं त्यांना चालत नाही. “मीठ कुठे कमी पडलं ते लिहा,” म्हणतात.

या वेळी मंडळाच्या वर्धापनदिनाला मी माईकवर बोलावं असं त्यांनी सांगितलं होतं. “मेघना, एवढी जाडजूड कादंबरी तू घरात मोठ्याने वाचतेस, मग चार वाक्यं माईकवर बोलायला काय होतंय?” मी हो म्हटलं होतं. आता लिहून देतेय. का, ते पुढे येईल.

आधी मिठाचं सांगते. गोष्ट एका पोस्टमास्तरची आहे. आंबेशेत गावाला त्याची बदली होते, राहायला जुना बंगला मिळतो. सोबत बायको आणि छबी नावाची लहान मुलगी. घर एकत्र कुटुंबातलं, त्यामुळे सगळे मास्तरच्या बायकोला ‘वहिनी’ म्हणतात, आणि ऐकून ऐकून छबीपण आपल्या आईला वहिनीच म्हणते. बंगल्यात एक जिना आहे आणि वरची खोली बंद आहे. सुरुवातीची कितीतरी पानं नुसता जिना. जिन्याच्या पायऱ्या, जिन्याचा कठडा, जिन्यावरची धूळ. मला भीती नाही, जांभया आल्या. एवढा जिना झाडत कोण होतं, ते मात्र लेखकाने कुठे लिहिलेलं नाही.

मग जिन्यावरून हाका यायला लागतात. मास्तर पोस्टात असतो आणि वरून त्याच्याच आवाजात बायकोला हाक येते. बायको विहिरीवर असते आणि वरून तिच्या आवाजात छबीला हाक येते. हे फार छान जमलंय. मध्येच एका प्रकरणात हाक मारणाऱ्याचे दात, नखं, केस सगळं दाखवलंय, तिथे माझी भीती गेली. दात-नखं असली तर दाराला कडी घालता येते. आवाजाला कडी कशी घालायची?

हे माझं मत. एवढं लिहून थांबले असते तर बरं झालं असतं.

२

हे पुस्तक मी हौसेने आणलं नव्हतं. माझी मुलगी मनवा तीन वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. ऐकू येत होतं, समजत होतं. पाणी पाहिजे असलं की माझं बोट धरून माठाकडे न्यायची. पण शब्द नाही. शेजारची प्रिती म्हणायची, “सकाळपासून आई आई आई! डोकं उठवलंय कार्ट्यानं.” मी हसायचे, आणि घरी येऊन बाथरूममध्ये नळ सोडून रडायचे. मला कोणीतरी आई म्हणावं, एवढंच पाहिजे होतं. डोकं उठलं असतं तरी चाललं असतं.

चाळीत असतो तर ती गॅलरीतच बोलायला शिकली असती. तिथे दारं उघडी, एकीने हाक मारली की तिघी ओ द्यायच्या. इथे आमचं दार बंद, समोरचं दार बंद. दिवसभर बोलते ती फक्त लिफ्ट.

शीवला हॉस्पिटलात बोलण्याच्या मॅडम आहेत, त्यांच्याकडे आम्ही जातो. त्या म्हणाल्या, “तिच्याशी बोलत राहा. दिवसभर बोला.”

“काय बोलू मॅडम? भांडी घासली, डाळ टाकली. संपलं.”

“मग मोठ्याने वाचा. काहीही वाचा. वाक्यं कानावर पडली पाहिजेत.”

म्हणून मी अप्पांकडे गेले. “जाड द्या,” म्हटलं, “लवकर संपायला नको.” त्यांनी हे काढून दिलं. म्हणाले, “भुताचं आहे हं. पोरीसमोर वाचणार?”

“तिला कुठे काय कळतंय,” मी म्हटलं.

३

आता पाटाचं सांगावं लागेल.

माझ्या सासूबाई, रखमा, कणकवलीकडच्या. मी त्यांना मम्मी म्हणते. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू, म्हणून श्रावणात पोथी मी वाचते आणि त्या ऐकतात. त्यांच्या माहेरची एक पद्धत आहे. वाचणाऱ्याच्या समोर एक रिकामा पाट मांडायचा. “आपण ऐकतंवच गो,” त्या म्हणतात, “पण जेका ऐकूचा आसा आणि बसूक जागा नाय, तेका नको?” समाप्तीच्या दिवशी जिने वाचलं तिनेच त्या पाटावर अक्षता टाकायच्या, ‘ऐकलंत, आता या’ असं मोठ्याने म्हणायचं, आणि पाट उचलून भिंतीला उभा करायचा.

वाचताना दोन गोष्टी करायच्या नाहीत. बोटाला थुंकी लावून पान उलटायचं नाही, आणि पोथी उघडी टाकून उठायचं नाही. पोथीच्या बाबतीत मी दोन्ही पाळते. पुस्तकाच्या बाबतीत मला दोन्ही सवयी आहेत.

या वर्षी गणपतीसाठी मम्मी लवकर गावाला गेल्या, समाप्तीच्या आधीच. शेवटचा अध्याय मी एकटीने वाचला. त्याच दिवशी हॉस्पिटलचा नंबर होता, मनवा कपडे घालू देत नव्हती, निलेश, म्हणजे माझा नवरा, शिवडीहून फोन करून विचारत होता निघालीस का. मी पोथी फडक्यात बांधली आणि धावले. पाट तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कादंबरी घेऊन त्याच जागी बसले, कारण खिडकीचा उजेड तिथेच येतो. समोर पाट. मला दिसला. वाटलं, राहू दे, मनवा बसेल त्याच्यावर. “ये बाळा, बस इथे,” म्हटलं.

मनवा पाटावर बसली नाही. पाटाशेजारी लादीवर बसली. अंग चोरून, फ्रॉक गोळा करून. शेजारच्या खुर्चीवर कोणी असलं की आपण कोपर आवरून बसतो ना, तशी.

मी वाचायला सुरुवात केली. मोठ्याने वाचायची सवय मला पोथीचीच, त्यामुळे सूरही तोच लागला. जिना, कठडा, धूळ, सगळं पोथीच्या सुरात. माझं मलाच हसू आलं.

४

रोज दुपारी निलेश शिवडीला गोदामात, मनवा आणि मी घरात. वाचता वाचता कुकर लावायला, कपडे वाळत टाकायला उठावं लागायचं. मी पुस्तक पाटावर उघडंच ठेवून उठायचे. पालथं घातलं तर पाठ फाटते, बंद केलं तर पान हरवतं. पाट असा हाताशी होता.

एक दिवस मी किचनमधून आले आणि मनवा म्हणाली, “कंदील.”

स्पष्ट. अर्धवट नाही, बोबडं नाही. कंदील.

मी तिला उचलून इतकं दाबलं की ती रडायला लागली. निलेशला फोन केला, गावाला फोन केला, प्रितीच्या दाराची बेल वाजवली. सगळ्यांना सांगितलं, पुस्तक वाचल्यामुळे झालं. दुसऱ्या दिवशी पुढे वाचायला बसले, पान उलटलं, आणि तिथे मास्तर कंदील घेऊन जिन्यापाशी येतो.

त्याच्या आधी पुस्तकात कंदील नव्हता. मी मागची पानं परत चाळली. दिवा होता, समई होती. कंदील नव्हता.

मी स्वतःला समजावलं की आकाशकंदील असेल. मागच्या दिवाळीचा माळ्यावर आहे, निलेश कधीतरी म्हणाला असेल. मुलं काय कुठून उचलतील सांगता येत नाही, मॅडमच म्हणाल्या होत्या.

मग मनवा रोज काही ना काही बोलायला लागली. ‘कठडा’. ‘टपाल’. मग एकदम वाक्य. मी तिला वरणभात भरवत होते. ती माझ्या खांद्यावरून मागे बघत म्हणाली, “वरती कोणी गेलं का?”

आमच्या घराला वरती नाही. आम्ही एकोणिसाव्या मजल्यावर राहतो, आमच्यावर दुसऱ्यांची घरं आहेत, पण आतून वर जायला काही नाही. आणि ती ते बोलली पोथीच्या सुरात. माझ्याच सुरात, शेवटचा शब्द थोडा ओढून.

मी हात धुतला आणि पुस्तक घेतलं. दुसऱ्या दिवसासाठी ठेवलेलं प्रकरण उघडलं. पहिलंच वाक्य ते होतं.

५

निलेशला सांगितलं. तो मनवाला खांद्यावर घेऊन नाचत होता. “अगं, तू ना! बोलत नव्हती तेव्हा रडायचीस, आता बोलते म्हणून रडतेस.”

“अरे, मी न वाचलेलं बोलते ती.”

“तू वाचून विसरली असशील. दुपारची डुलक्या खात वाचतेस, मला माहितेय.” मग माझ्याकडे बघून म्हणाला, “तुझा घसा बघ आधी. सर्दी झालीय का?”

घसा खरखरत होता खरा. मला वाटलं, रोज एवढं मोठ्याने वाचते म्हणून. हळद-दूध घेतलं, गुळण्या केल्या. पण दुखत नव्हतं. नुसता आवाज कमी होत होता. टीव्हीचा आवाज कमी करतात तसा, थोडा थोडा. मी माठापाशी उभी राहून मनवाला हाक मारायचे आणि तिला ऐकू जायचं नाही.

उठताना पान कुठलं होतं ते कळावं म्हणून मी पुस्तकात लाल दोरा ठेवायला लागले. किचनमधून यायचे तेव्हा दोरा पाटावर पडलेला असायचा आणि पुस्तक पुढे गेलेलं असायचं. पंख्याने पान उडतं. एक उडेल, दोन उडतील. मी पंखा बंद करून बघितला. घामाने निथळत किचनमध्ये उभी राहिले. आत पान उलटल्याचा आवाज आला. सर्र्. थोड्या वेळाने परत, सर्र्. मनवाला पान उलटता येत नाही, ती चुरगळते. परत येऊन बघितलं तर एकही पान चुरगळलेलं नव्हतं. कोपरा मात्र ओला होता.

मी ते पान बोटाने पुसलं. माझंच असेल, सकाळचं. सकाळचं एवढा वेळ ओलं राहतं का, हे मी स्वतःला विचारलं नाही.

त्याच आठवड्यात मम्मींचा गावाहून फोन आला. मी किचनमध्ये होते, भेंडी चिरत. फोन खांद्याला लावला.

“मेघना, वाचून होऊंदे आधी. मगे बोल,” त्या म्हणाल्या.

“नाही मम्मी, मी वाचत नाहीये. बोला.”

“अगो, ऐकाक येता माका. वाच, वाच. चेडवाक, मनवाक, मध्येच तोडू नको.”

“मी किचनमध्ये आहे मम्मी. भेंडी चिरतेय.”

फोनवर मागे त्यांच्या गावच्या कोंबड्यांचा आवाज येत होता. मग हळूच म्हणाल्या, “मगे ह्यो आवाज कोणाचो? तुझोच आसा मा?”

मी फोन कानापासून लांब केला. मला घरात काही ऐकू येत नव्हतं. पंख्याची घरघर आणि नळाचं पाणी, बाकी काही नाही. फोन परत कानाला लावला. मम्मी श्वास रोखून ऐकत होत्या. मग विचारलं, “मेघना, पाट उचललंस मा तू?”

मी सुरी खाली ठेवली.

“ऐकणाऱ्याक असो बसवून ठेवू नये गो. तो मगे उठना नाय.”

“तुम्ही ‘आता या’ म्हणा ना मम्मी. मी फोन स्पीकरवर टाकते.”

“नाय. जेना वाचल्यान तेनाच म्हणूक होया. आज म्हण. आत्ताच म्हण. मी येयसर थांबू नको.”

६

मी वाटीत तांदूळ घेतले, कुंकू लावलं. हॉलमध्ये गेले. मनवा पाटाशेजारी बसली होती, मान वर करून. लहान मुलं उभ्या माणसाकडे बघतात तेवढी वर नाही. बसलेल्या माणसाकडे बघतात तेवढी.

मी अक्षता टाकल्या. त्या पाटावर पडल्या. सगळ्या नाही. काही मध्येच कशावर तरी अडकून घरंगळल्यासारख्या पाटाच्या कडेला पडल्या. मी घाईत टाकल्या असतील.

मग मी म्हटलं, ‘ऐकलंत, आता या.’

म्हणजे तोंड उघडलं. ओठ हलले. आवाज आला नाही. खरखरही नाही. परत म्हटलं. छातीतून हवा आली आणि गेली. मी गळ्याला हात लावून जोर लावला, डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा मनवा माझ्याकडे बघून खिदळली. तिला वाटलं मी माकडचाळे करतेय.

निलेश आल्यावर मी कागदावर लिहून त्याला सगळं सांगितलं. त्याने वाचलं, मला जवळ घेतलं, आणि मग उठून पाट उचलून भिंतीला उभा केला. “झालं? घसा बसलाय तुझा, दुसरं काही नाही. उद्या डॉक्टरकडे जाऊ. आणि ते पुस्तक जरा बंद ठेव.” म्हणणं खोटं नव्हतं. डॉक्टरांनीही तेच सांगितलं, बोलू नका, आराम द्या.

पुस्तक मी माळ्यावर टाकलं, गाद्यांच्या मागे.

त्या दिवसापासून मनवा बोलायची थांबली. एक शब्द नाही. सकाळी उठून भिंतीला उभ्या केलेल्या पाटासमोर जाऊन बसायची. वरणभात भरवला की तोंडातच ठेवायची. माठाकडे न्यायला माझं बोटही धरेना. मॅडमकडे नेली तेव्हा त्यांनी चित्रं दाखवली, बाहुली दाखवली. मनवा त्यांच्याकडे नाही, त्यांच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत बसली.

मॅडमनी विचारलं, “घरात वाचन थांबवलंत का?”

मी गळ्याकडे बोट दाखवलं.

“मग दुसऱ्या कोणाला तरी वाचायला सांगा. तिचं इतकं छान चाललं होतं.”

७

आता जे लिहितेय ते निलेशला सांगितलेलं नाही.

परवा दुपारी मी स्वतः माळ्यावर चढून पुस्तक काढलं. शेवटचं प्रकरण तेवढं राहिलं होतं. उभ्या उभ्या पानं चाळली, वाचायला नाही, नुसती नजर टाकायला. आणि एक शब्द दिसला. सबंध कादंबरीत छबी आपल्या आईला वहिनी म्हणते. शेवटच्या प्रकरणात ती आई म्हणते. एकदा नाही. पानभर.

मी पुस्तक बंद केलं. खूप वेळ छातीशी धरून बसले. मनवा भिंतीकडे तोंड करून बसली होती. तिचे खांदे किती बारीक झालेत ते मला तेव्हा दिसलं.

मग मी पाट मांडला. मम्मी लावतात तसा रांगोळीचा ठिपका लावला. शेवटचं प्रकरण उघडलं आणि पुस्तक पाटाच्या पुढे ठेवलं. मनवाच्या केसांवरून हात फिरवला आणि किचनमध्ये जाऊन उभी राहिले. मला फक्त तो एक शब्द पाहिजे होता. एकदा ऐकला की पुस्तक जाळून टाकीन, पाट गॅलरीत फेकीन, असं मी ठरवलं होतं.

आमच्या किचनच्या दारातून हॉल सरळ दिसत नाही. भिंत मध्ये येते. पण समोर टीव्ही आहे. बंद असला की त्याच्या काळ्या काचेत हॉलचा तो कोपरा दिसतो.

आधी पान उलटल्याचा आवाज आला. मग वाचनाचा. मम्मींना फोनवर ऐकू आला होता तो. मला आता ऐकू आला, कारण मी कुकर, पंखा, नळ सगळं बंद केलं होतं आणि माझा स्वतःचा श्वाससुद्धा. तो माझा आवाज होता. घसा बसण्याआधीचा, चांगला, मोकळा. पोथीचा सूर, शेवटचा शब्द थोडा ओढलेला. कुठे अडखळत नव्हता. मी मोठ्या शब्दांना अडखळते. तो अडखळत नव्हता.

मी टीव्हीकडे बघितलं. बघायचं नव्हतं.

काचेत मनवा दिसली, मांडी घालून बसलेली. तिच्या पुढे पुस्तकाचा पांढरा चौकोन. पाटावरचं पूर्ण दिसत नव्हतं, टीव्हीच्या कडेने कापलं होतं. एक गुडघा दिसला. गुडघ्यावर कापड होतं, त्यावर मोठी मोठी पिवळी फुलं. माझ्या गाऊनची फुलं. मी त्या दिवशी पंजाबी ड्रेस घातला होता. गाऊन मी नुकताच धुवून किचनच्या खिडकीबाहेर दांडीवर टाकला होता. मी मान वळवली. तो तिथेच होता, पाणी ठिबकत होतं.

परत काचेत बघितलं. गुडघ्यावरून एक हात पुढे आला. बोट वर गेलं, कडेच्या पलीकडे, जिथे तोंड असेल तिथे. ओलं होऊन खाली आलं. पान उलटलं.

मनवाने मान वर केली. हसली. असं हसताना मी तिला कधी पाहिलेलं नाही.

“आई,” ती म्हणाली.

मी ओ दिली. सगळा जीव एकवटून ओ दिली, दार धरून, मान पुढे करून. हवा आली आणि गेली.

हॉलमधून माझा आवाज म्हणाला, “ओ, बाळा.”

८

निलेश खूश आहे. मनवा दिवसभर आई आई करते. प्रिती मला लिफ्टमध्ये म्हणाली, “आता उठलं ना डोकं?” मी हसले. काल निलेश कामावरून आला आणि चपला काढता काढता म्हणाला, “बरं झालं, आवाज आला तुझा. बाहेर लिफ्टपर्यंत ऐकू येत होतीस.” मी तेव्हा बेडरूममध्ये त्याचे शर्ट इस्त्री करत होते. मी त्याच्यासमोर येऊन मान हलवली, नाही नाही म्हणून. तो म्हणाला, “हो हो, आराम कर, बोलू नकोस,” आणि हॉलमध्ये बघून कोणाला तरी विचारलं, “चहा टाकतेस का?”

मनवा आता माझं बोट धरत नाही. मी जवळ घेतलं की बाहेरच्या बाईने उचलल्यासारखी ताठ होते आणि हॉलकडे हात पसरते.

मम्मी गौरी-गणपती झाल्यावर येतील. त्यांना दिसत कमी आहे. त्या आवाजानेच माणूस ओळखतात.

तेव्हा मत असं, की कादंबरी लांब आहे, जिन्याचं वर्णन अर्ध्याने कमी करता आलं असतं, पण शेवटपर्यंत सोडवत नाही. शेवटचं प्रकरण मी वाचलेलं नाही, नुसतं ऐकलंय. कोणी नेणार असेल तर मनातल्या मनात वाचा.

अप्पा, पुस्तक मी परत आणून देऊ शकत नाही, ते मला उचलू दिलं जात नाही. तुम्हीच घरी या. दुपारी या. बेल वाजवलीत की आतून कोणी ‘या ना अप्पा, बसा’ म्हणेल. बसू नका. पाटावर तर नाहीच. मी दाराजवळ उभी असेन, पंजाबी ड्रेसमध्ये, मी काही बोलणार नाही. मनवाला विचारा, बाळा, तुझी आई कुठाय? ती बोट दाखवेल. कुठे दाखवते ते नीट बघा.

आणि माझ्याकडे दाखवलं नाही, तर मला लिहून द्या, की तुम्हाला मी दिसतेय.